वळणावरचा भगत

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार

ही डायरी जळगावच्या सराफाने माझ्या भावाला दिली आणि भावाने संक्रांतीला मला. तेव्हापासून डाळीच्या डब्यावर पडून होती. आज लिहायला घेतली, कारण आज अख्खं गाव बोलत होतं आणि माझं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

सकाळी पितांबरभाऊजी पेपर नाचवत अंगणात आले. हे ह्यांचे चुलतभाऊ, एसटी थांब्यावर सायकलचं दुकान आहे. मोटारींचं वेड इतकं की दुकानात देवाच्या फोटोशेजारी शर्यतीच्या गाड्यांची कात्रणं चिकटवलीत. ओरडतच आले, "परत येस वहिनी, परत येस! मोटारीस्नी शर्यत परत येस! आनि आपलाच रस्तावरथून जाई!"

ही शर्यत मागे देशात आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नंतर ती बंदच पडली. आता पुन्हा येणार, शिंदखेड्याकडून आमच्या गावावरून दोंडाईच्याला जाणार. महिनाच राहिलाय.

संध्याकाळपर्यंत मरीमायच्या देवळासमोर जत्रा भरल्यासारखी माणसं. ज्यांनी जन्मात स्कूटरचा हँडल धरला नाही ते लाल गाडी जिंकणार की निळी यावर हमरीतुमरीवर आले. मीही हसले. मग कोणीतरी म्हणालं, "यंदा भगत कोन शे? गिरधर! मंग पहिली गाडी आपला वळणवर थांबीच!"

माझं हसू तिथेच विरलं. गिरधर म्हणजे आमचे हे.

१३ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात, तर लिहूनच टाकते.

आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं लादायची आणि भगताने कमरेला आकडा लावून त्या पळत ओढायच्या. ह्या मानाचे भगत आधी माझे सासरे होते, आता हे. भगताच्या दोन्ही अंगांना बगले असतात, त्याचे दंड धरून पळतात. आणि गाव काय करतं? रस्त्यातच उभं राहतं! गाड्या अगदी अंगावर आल्या की मग बाजूला. चाकाला हात लागला तर वर्ष चांगलं जातं म्हणे. पण भगताने आधी रस्त्यात कुंकवाचं रिंगण घालून पाय ठेवल्याशिवाय पुढे यायची कोणाची छाती नाही.

मागच्या शर्यतीला सासऱ्यांनी देवळाच्या वळणावर असंच रिंगण घातलं आणि आत उभे राहिले. आज सासूबाईंनी सगळ्या बायकांना ती गोष्ट पुन्हा सांगितली. झुंबरबाई म्हणतात त्यांना, आवाज असा की पलीकडच्या शेतात ऐकू यावा. "त्यास्नी हात वर करा नि गाडी उभी राहिनी! गोरा खाले उतरना, कपायले कुकू लाई लिधं. तठेच त्यास्ना मंडप व्हता, एक साहेब कागदवर ठप्पा मारे, त्यो बी पाया पडना." म्हणजे गाडी थांबली, गोऱ्याने उतरून कपाळाला कुंकू लावून घेतलं, ठप्पेवाला साहेबही पाया पडला, आणि तीच गाडी पुढे मुंबईला पहिली आली असं गाव मानतं.

आता सगळ्यांचं ठरलंय. हे रिंगणात उभे राहणार, गाडी थांबवणार, कुंकू लावणार. मागे गाव उभं राहणार आणि चाकांना हात लावणार.

ह्यांना विचारलं, तुम्ही हो म्हणालात? तर जेवता जेवता मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

अंगणवाडीत पोरं सुकडी खायची सोडून मोटार-मोटार खेळतात. एक भगत होतं, बाकीची गाड्या. भगत झालेल्या पोराला धक्का लागला, गुडघा फुटला. मी ओरडले तर म्हणतं, "बाई, भगतले काही व्हत नही."

गावाने बैलगाड्यांवर चुन्याने नंबर टाकलेत. धुळ्याचे, जळगावचे पाहुणे येणार म्हणून घरोघर खापरं घासून ठेवलीत, मांडे होणार. पितांबरभाऊजींनी कापडावर रंगाने लिहिलं, 'शर्यतीतील शूरवीरांचे स्वागत'. लोक विचारतात, अक्षरं कशी आहेत? मी म्हणते छान. माझं चित्त कुठे थाऱ्यावर आहे!

हे मात्र अलीकडे ताठ झालेत. कालच्या बाजारात माझे मामेसासरे समोरून हसत आले, तर हे सरळ पुढे निघून गेले. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन मी बडबडले, एवढा कसला हो तोरा? शर्यत व्हायची अजून, आत्तापासून माणसं ओळखेनात! हे उठले. भिंतीला हात लावत लावत ओसरीवर गेले आणि बसले.

२६ फेब्रुवारी, रविवार

अगं बाई गं.

आज तालीम ठेवली होती. पितांबरभाऊजी राजदूत मोटारसायकल घेऊन लांबून येणार, हे वळणावर उभे राहून हात वर करणार, म्हणजे शर्यतीच्या दिवशी गडबड नको. बगले नाहीत, हे एकटेच. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, ढोल वाजत होता.

गाडी आली. भाऊजी जोरात होते, त्यांना वाटलं भाऊ हात वर करतील, मग आपण ब्रेक दाबू. हे हात वरच करेनात. ढोलात गाडीचा आवाज बुडाला होता. हे मान थोडी तिरकी करून नुसते उभे. भाऊजींनी शेवटच्या क्षणी हँडल वळवलं, आरसा ह्यांच्या कोपराला घासून गेला आणि गाडी निंबाच्या बुंध्याशी जाऊन आडवी झाली. मग ह्यांनी हात वर केला. गाडी गेल्यावर!

आणि गाव काय ओरडलं? "भगत हालना बी नही! छाती दखा, छाती!" गुलाल उधळला मेल्यांनी.

मी कोपराचं रक्त पुसत होते. हळूच म्हणाले, गाडी दिसली नाही का तुम्हाला? तर झटकन हात ओढून घेतला.

२७ फेब्रुवारी

आज मी पाप केलं की काय कोण जाणे, पण केलं. भाकरी वाढताना ताटात न टाकता ह्यांच्या डाव्या गालाजवळ धरली. न बोलता. हे जेवतच राहिले. मग समोर धरली. ह्यांनी ताटात चाचपलं आणि म्हणाले, "भाकर सरी गई का?"

भाकरी माझ्या हातात होती हो!

सासूबाई शेजारी गेल्या तेव्हा मी दार लावलं आणि सरळ विचारलं. आधी चिडले. मग म्हणाले, "डावानी काहीच नही. उजवानी धुरकट दखास."

म्हणजे बाजारातला तो तोरा... आणि मी काय काय बोलले!

गेल्या आखाजीला गाड्या कशा ओढल्या मग? म्हणाले, "बगलास्नी धरेल व्हतं ना. पाय पयेत."

मी म्हटलं, जळगावला चला, माझ्या भावाच्या ओळखीचा डोळ्यांचा डॉक्टर आहे. म्हणाले, भगताला दिसत नाही असं कळलं तर मान जाईल, बापाच्या बापापासूनचा मान. मग मी म्हटलं, निदान शर्यतीपुढे उभं राहू नका. तर हसले. "गाव काय म्हनी? बाप उभा राहिना, पोऱ्या दपना?" बाप उभा राहिला आणि पोरगा लपला, असं म्हणतील म्हणे.

आणि मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "मना गळानी आन शे तुले. डोयानं कोनाले सांगं, त मनं मेलं तोंड दखशी."

ही असली शपथ घालायची असते का बायकोला? सांगितलं तर शपथेने मरणार, नाही सांगितलं तर मोटारीने मरणार. मी कुठे जाऊ, मरीमाय?

२ मार्च

पितांबरभाऊजी पेपर वाचून दाखवत होते. मागच्या वेळी आपल्या गावात ठप्पा मारायचं ठाणं होतं, यंदा ते दोंडाईच्याला नेलंय. शिंदखेड्यापासून तिथपर्यंत मिनिटामिनिटाची मोजणी, रस्ता बंद, समोरून एकही वाहन नाही. भाऊजींच्या डोळ्यांत आनंद मावेना. "म्हनजे वहिनी, काय पयतीन त्या! काय पयतीन!"

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मंडप नही का यंदा? मंग त्यो गोरा बठी कोठे?"

मी भांडी घासता घासता थांबले. मागच्या वेळी ती गाडी सासऱ्यांमुळे थांबलीच नव्हती! तिला थांबायचंच होतं. ठप्पा मारायला!

भाऊजींना म्हटलं, अहो मग गाडी थांबेल कशी? ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "भाऊ शे ना."

५ मार्च

तीन दिवस काही लिहिलं नाही. रस्त्याकडेच कान लागलेत. ट्रक गेला तरी दारात धावते.

ह्यांना ठप्प्याचं सांगितलं. म्हणाले, "माले ठाऊक शे. मी तठेच व्हतो, बानी कुकवानी वाटी मनाच हातमा व्हती." म्हणजे ह्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं! तरी उभे राहणार. पुढे म्हणाले, "गाडीना आवाज मोठा ऱ्हास ना वं? लांबथून ऐकू ई ना?" माझ्याकडे तोंड होतं पण माझ्याकडे बघत नव्हते. घाबरलेत की काय? नाही, हे कशाला घाबरतील. अंगात वारं आलं म्हणजे भगताला भीती राहत नाही असं म्हणतात. मला तर वाटतं, मरीमायचंच वारं आत्तापासून ह्यांच्या अंगात शिरलंय.

९ मार्च

गेले. जाऊन आले.

अंगणवाडीच्या मीटिंगला तालुक्याला जाते असं सांगून एसटीने गेले आणि थेट पोलीस ठाण्यात. आयुष्यात पहिल्यांदा. पदर डोक्यावरून इतका ओढला होता की पायरी दिसेना.

फौजदार वयाने लहानच होता. मी म्हटलं, साहेब, आमच्या गावचा भगत शर्यतीपुढे उभा राहणार आहे, गाडी थांबवायला. आधी हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने हसणं बंद केलं. "बाई, त्या गाड्या वळणावर रस्ता सोडून मातीतून जातात. थांबायचं म्हटलं तरी थांबणार नाहीत. माणूस उरणार नाही. मागे किती लोक असतील?" मी म्हटलं, गाव. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, गावातलीच एक बाई.

डोळ्यांचं सांगितलं नाही. शपथ मोडली नाही. नाही ना मोडली?

बाहेर पडले तर ठाण्याच्या आवारात पितांबरभाऊजी! मी खांबाआड झाले. पण ते स्वयंसेवकांच्या रांगेत उभे होते, बिल्ला मिळणार होता शर्यतीचा. मान उंच करून बिल्ल्याकडेच बघत होते, मी त्यांना दिसले नाही. आमच्या गावचे आणखी दोघे तिथे होते, त्यांनीही भाऊजींनाच पाहिलं. मी मागच्या बाजूने सटकले.

१२ मार्च, रविवार

झालं. सगळं झालं आणि हे जिवंत आहेत. ओसरीवर बसलेत, मला चुलीजवळून त्यांची पाठ दिसते. हे आधी लिहिलं, आता बाकीचं.

सकाळी ह्यांनी आंघोळ केली, हळद लावली, फेटा बांधला. सासूबाईंनी ओवाळलं. कुंकवाची वाटी ह्यांच्या हातात दिली तेव्हा कुंकू हिंदकळून धोतरावर सांडलं. सासूबाई म्हणाल्या, शुभ झालं. मी पदराने ते झटकलं.

तेवढ्यात जीप आली. फौजदार स्वतः उतरला, हात जोडले. "भगतबुवा, तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय. चला." कशाला ते बोलला नाही. लोकांना वाटलं सत्कार असेल. हे क्षणभर उभे राहिले. मला वाटलं आता नाही म्हणतील, आता आरडाओरडा होईल. पण हे वाटी खाली ठेवून जीपच्या आवाजाच्या रोखाने चालू लागले. एका शब्दाने काही विचारलं नाही. बहुतेक अंगात वारं होतं म्हणूनच.

मग वळणावर वाट पाहणं सुरू झालं. ही गर्दी! धुळ्याची पोरं मोटारसायकलींवर, जळगावचे पाहुणे डोक्याला रुमाल बांधून, झाडांवर माणसं, देवळाच्या कळसापर्यंत माणसं. सासूबाईंनी हौसेने आधीच कुंकवाचं रिंगण घालून ठेवलं होतं. भगत येईना. लोक कुरकुरू लागले, पण भगत नाही म्हटल्यावर रस्त्यात पाय कोण टाकतो! सगळे कडेला, बांधावर.

मग आवाज आला. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता, पोटातच घुसला. निळी गाडी वळणावर आली ती आडवीच आली. रस्ता सोडला, मातीत उतरली, रिंगणावरून फराटा ओढत गेली, पुन्हा रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. सगळं एका शिंकेएवढ्या वेळात. आमच्या तोंडावर खडे आले. धूळ बसली तेव्हा रिंगण नव्हतं. नुसती माती.

मी मटकन खाली बसले. शेजारची भागाबाई म्हणाली, "काय व्हयनं वं?" मी म्हटलं ऊन लागलं.

मागून आणखी गाड्या आल्या, गेल्या. कोणाचं तोंड दिसलं नाही, कोणी हात केला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "हाईच का? एवढासाठी मी महिना भर जीव टाका?" पितांबरभाऊजी तेवढे बिल्ला लावून रडत होते, आनंदाने. "दखी का? दखी का निळी?"

तेवढ्यात कोणीतरी बातमी आणली. भगताला सत्काराला नाही, ठाण्यात बसवून ठेवायला नेलं होतं. कोणीतरी चुगली केली. त्या दोघांनी भाऊजींना ठाण्याच्या आवारात पाहिलंच होतं, आणि सगळ्यांची नजर त्यांच्या बिल्ल्यावर गेली.

१३ मार्च

काल संध्याकाळी ह्यांना जीपने आणून सोडलं, तर गावाने वाजतगाजत घरी आणलं. सरकार भगताला घाबरलं म्हणे! मान होता त्याच्या दुप्पट झाला.

आणि पितांबरभाऊजींचं दुकान फोडलं. टायरी, ट्यूबा विहिरीत टाकल्या. कात्रणं फाडली. ते सांगत होते, मी बिल्ल्यासाठी गेलो होतो, माय शपथ. कोणी ऐकलं नाही. मी खिडकीतून पाहत होते. खिडकीतूनच.

आज ह्यांनी विचारलं, "कोनी सांगं व्हयी ठानामा?"

मी चुलीत फुंकर घातली. म्हटलं, लोक म्हणतात पितांबरभाऊजींनी.

ह्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "ज्यानी सांगं त्यानी बरं करं." आणि चहाचा कप पुढे केला, मी कुठे उभी आहे ते ओळखून, बरोबर माझ्या हाताशी. बरं झालं, ह्यांना खरं कळलं नाही. कळतं तर काय झालं असतं?

१६ मार्च

रविवारी देवळासमोर पंच बसणार. पितांबरभाऊजींना मरीमायच्या पायरीवर हात ठेवून कबूल करायला लावणार, नाही केलं तर वाळीत. त्यांची बायको लताबाई पाणी भरायला आली तर बायकांनी दोरासकट घागरी उचलल्या. तिची घागर तशीच रिकामी राहिली. माझ्याकडे बघितलं तिने. माझी घागर मीही उचलली.

बोलले तर विचारतील, का सांगितलंस? त्याला उत्तर एकच आहे आणि त्यावर ह्यांच्या गळ्याची शपथ आहे.

१९ मार्च, रविवार

आज बोलले.

पुरुष पारावर, बायका निंबाखाली. भाऊजी पायरीसमोर उभे, हात पुढे केलेला. मी कधी पुढे गेले मला आठवत नाही. ऐकू आलं ते माझंच बोलणं, "भाऊजींनी काही केलं नाही. ठाण्यात मी गेले होते."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग सासूबाईंचा आवाज, "तू? मना घरनी सून?" आणि मग एकदम सगळे. भगताच्या बायकोने भगताला पोलिसांत दिलं! कोणी म्हणालं हिला माहेरी धाडा, कोणी म्हणालं हिच्यावर कोणी करणी केली. सरपंच हात वर करून म्हणाले, "गप बसा रे. सांग बाई, कसाले गई व्हती?"

मी पदराचं टोक पिळत राहिले.

"कसाले, सांग!"

मी मान खाली घातली. मनात एकच, बोलू नकोस, ह्यांचं मेलं तोंड बघशील. लोक जवळ आले. कोणीतरी माझा दंड धरून हिसडा दिला, बांगडी फुटली.

तेव्हा हे उठले. पाराच्या कडेला बसले होते, उठले आणि पायरी चुकून गुडघ्यावर आपटले. बगले धावले तर त्यांना हाताने मागे सारलं. फेटा पडला होता, तो चाचपत बसले नाहीत. उघड्या डोक्याने उभे राहून म्हणाले, "तिले काय इचारतस? माले इचारा. माले दखास नही. वरीस व्हयनं. हाई बाय नसती त मी तठेच मरता, नि मनामांगे तुम्हनी बठ्ठी पोरं."

सासूबाई मातीत बसल्या आणि हुंदके देऊ लागल्या. मान गेला, सगळ्यांसमोर गेला, आणि ह्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवला. माझ्यासाठी.

लोक हलेनात. हे तिथेच उभे, मान तिरकी करून, मी कुठे आहे ते ऐकत. मी जवळ गेले तर म्हणाले, "हात धर. आते कोनाथून दपाडानं?"

आता लपवायचं कोणापासून! गावादेखत मी ह्यांचा हात धरला. ह्यांचा तळवा घामाने ओलाचिंब होता. वाटेत मी विचारलं, घाबरलात का हो? तर म्हणाले, "महिनाभरथून."

उद्या सकाळच्या एसटीने आम्ही जळगावला निघतोय. डॉक्टर काय सांगेल कोण जाणे. हे शेजारी बसून विचारताहेत, काय लिहितेस, वाच ना. आता वाचून दाखवते.